स्विच नव्हे, थांबवून ठेवलेली गाडी

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की प्रोमोटरवर (जनुकाच्या सुरुवातीच्या डीएनएच्या तुकड्यावर) पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए लिहिणारं एन्झाइम) बसलं की जनुक चालू झालं, म्हणजे हा एक ‘मास्टर स्विच’च. बॅक्टेरियात हे बरंचसं चालून जातं, प्राण्यांच्या पेशीत मात्र खरी गंमत त्यानंतरच सुरू होते.

फळमाशीचं एचएसपी७० जनुक बघा, उष्णतेच्या ताणात पेशीला सांभाळणारं प्रथिन बनवणारं. तापमान नेहमीचं असतानाही पॉलिमरेज-२ (प्रथिनांची जनुकं वाचणारं पॉलिमरेज) तिथे येऊन बसलेलं असतं. २०-४० अक्षरांचा आरएनए लिहितं आणि थबकतं. त्याला रोखून धरतात नेल्फ आणि डीसिफ ही दोन प्रथिन-संकुलं. उष्णता वाढली की एचएसएफ या उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाचे तीन-तीन रेणू एकत्र येऊन डीएनएला चिकटतात, आणि मग पी-टेफबी हे संकुल तिथे येतं. त्यातलं सीडीके९ हे एन्झाइम नेल्फ, डीसिफ आणि पॉलिमरेजला भराभर फॉस्फेट लावत सुटतं. नेल्फ गळून पडतं. डीसिफ? ते चक्क पक्ष बदलतं आणि आता पॉलिमरेजला पुढे सरकायला मदत करू लागतं! (ओळखीचं वाटलं ना?)

लांबचा एन्हान्सर (जनुकाला चालना देणारा डीएनएचा तुकडा) प्रोमोटरपर्यंत पोचतो कसा, हेही विचारलं होतं. डीएनएची घडी पडून दोघं जवळ येतात. मधे मेडिएटर, माणसात सुमारे ३० प्रथिनांचं धूड, एकीकडे एन्हान्सरवर बसलेल्या सक्रियक प्रथिनांना आणि दुसरीकडे पॉलिमरेजला धरतं. ‘मास्टर स्विच’ हा शब्द मला खटकतो तो यामुळेच.