जुना लॅपटॉप, पायथन आणि गिट: सुरुवात कुठून?

प्रश्न (दांडियाबाजार, बडोदे):
बारावी झालेल्या लेकीला सुट्टीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय. लॅपटॉप माझाच, विंडोज १०, ४ जीबी रॅम. भाचा म्हणतो, पहिल्या दिवसापासून गिट वापरा. मी आयुष्यभर टॅली चालवलेली बाई! गिट आधी की गिटहब? अकाउंट काढावंच लागतं का?

उत्तर:
ताई, अकाउंट नको. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ते तुमच्याच मशीनवर चालतं, नेटशिवायसुद्धा. गिटहब ही प्रती ठेवायची ऑनलाइन जागा, ती सावकाश बघा. पायथन टाकताना पहिल्याच खिडकीत खाली ‘पाथ’ची चौकट असते, तिथे टिक हवीच, नाहीतर कमांड लिहिली की ‘सापडत नाही’ म्हणून ओरडतं. मग गिट, मग व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर). तो जड वाटला तर पायथनसोबत येणारं आयडल पुरे.

गिट कॉन्फिग या कमांडने नाव-ईमेल आधी द्या, नाहीतर पहिलीच कमिट, म्हणजे बदलांची नोंद, अडते. पुढे फोल्डरात क्रमाने तीन कमांड: गिट इनिट (सुरुवात), गिट ॲड (फाइली निवडणं), गिट कमिट (नोंद करणं). कमिटचा संदेश ‘बदल केले’ असा नको. व्हाउचरखाली नॅरेशन लिहिता ना, तसा लिहा: काय केलं आणि का.

दुसरं उत्तर:
व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (एका प्रोजेक्टपुरती पायथनची पॅकेजेस ठेवायची वेगळी जागा) फोल्डर गिटमध्ये घालू नका. त्याचं नाव डॉट-गिटइग्नोर फाइलीत लिहा. आणि पासवर्ड कधीच कमिट करू नये. नंतर खोडला तरी इतिहासात राहतो.

प्रश्नकर्ती:
पहिली कमिट झाली! लेकीने नॅरेशन गुजरातीत लिहिलंय, चालेल?

उत्तर:
चालेल की. फाइलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये जागा न सोडता.