अनुभव धागा : कमी घेतलं, मग काय झालं?

आजीनं १९८६ साली सोलापूरच्या चाटी गल्लीतून, म्हणजे कापडबाजारातून, आणलेली चादर विरली तेव्हा तिची वाकळ झाली. आज त्या वाकळीवर माझी मुलगी झोपते. मी मात्र मागल्या दिवाळीत मोबाइलवरून ३ ब्लँकेटं मागवली, त्यातली २ दुसऱ्या धुण्यालाच गोळे धरून बसली. तेव्हापासून वर्षभर धान्य, औषधं, वह्या सोडून घरात नवं काही आणलं नाही. पैसे उरले, त्याहून जास्त संध्याकाळी उरल्या. तुम्ही काय कमी केलंत? जमलं नसेल तर तेही लिहा.

जुळे सोलापूर, निवृत्त
दुसरी गाडी विकली. नवी पेठेत सायकलनं जातो. एप्रिल-मेच्या उन्हात नाही जमत, तेव्हा रिक्षा.

अशोक चौक, यंत्रमाग
ताई, पटतंय तुमचं. पण ‘घेऊच नका’ वाचलं की पोटात गोळा येतो. चांगली सुती चादर १५-२० वर्षं जाते. बाजाराला दरवर्षी वाढ पाहिजे, माणसाला दरवर्षी चादर लागत नाही. मग सूत हलकं करा, वीण विरळ करा, भाव पाडा. २ वर्षं मीही तेच केलं. जुनं गिऱ्हाईक चादर हातात धरून गप्प उभं राहिलं, त्या दिवशी थांबलो. आता ८ ऐवजी ४ माग चालवतो, जुन्याच विणीचे. दोघा कामगारांना दुसरीकडं लावून द्यावं लागलं, ते अजून सलतं. कमी घ्या, पण टिकणारं घ्या, आणि त्याचा दाम द्या.

विडी घरकुल
आई विड्या वळायची. साधं राहणं आम्ही निवडलं नव्हतं. फ्रिज आला त्या दिवशी ती त्याच्यापुढं बसून राहिली होती. त्याला चंगळ म्हणू नका. वाढीच्या मर्यादा सांगणारा क्लब ऑफ रोम या जागतिक अभ्यासगटाचा अहवाल १९७२ सालचा; त्याच साली आमचे आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. थांबायचं कुणी, हे आधी ठरवा. माझं मत, ज्यांच्या दारात ३ गाड्या आहेत त्यांनी.

मोहोळ तालुका
२ एकर ऊस मोडून मालदांडी ज्वारी पेरली. हातात पैसा कमी येतो, सोसायटीचं कर्ज हळू फिटतंय. पण ज्वारी घरची, कडबा गुरांना, आणि रात्री मोटर चालू करायला उठावं लागत नाही. विडी घरकुलच्या ताई, आईंना घेऊन या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास हुरडा होईल.