‘वेळवाटप’ म्हणावं का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव):
कॅनडाच्या संसदेतल्या ‘टाइम अलोकेशन’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? लष्करी न्यायाच्या विधेयकावर लिहायला बसलोय. देशाच्या हद्दीत झालेल्या लैंगिक गुन्ह्यांवरचा लष्कराचा अधिकार काढून नागरी यंत्रणेकडे द्यायचा, असं विधेयक तिथे २०२५ मध्ये मांडलं गेलं. अशा विधेयकावरची चर्चा ठरावीक तासांत उरकायची, असा ठराव सरकार आणू शकतं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘वेळवाटप’ होतं.

हुक्केरी:
‘वेळवाटप’ नको. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी असते, वरच्या शेताला इतके तास, खालच्याला इतके. ते वाटप, कारण घेणारे सगळे हिस्सेदार. कॅनडाच्या कॉमन्सच्या (खालच्या सभागृहाच्या) ७८व्या नियमात तीन पद्धती आहेत: सगळे पक्ष राजी, बहुतेक पक्ष राजी, आणि कुणीच राजी नसलं तरी सरकारने आधी सूचना देऊन बहुमतावर ठराव करून घेणं. पहिलीला ‘वाटप’ शोभतं. तिसरीला ‘वेळ बांधणं’ म्हणा. आपल्या लोकसभेत कामकाज सल्लागार समिती विधेयकागणिक तास ठरवते, तिथे ‘वेळवाटप’ खुशाल चालवा.

आणि ‘क्लोजर’शी गल्लत करू नका. तिथे चर्चाच आटोपती घेतात. ‘चर्चासमाप्ती’ हा शब्द बरा. कॅनडाने हा नियम १९१३ मध्ये आणला, तोही नौदलाच्याच विधेयकापायी. ब्रिटनच्या नौदलाला तीन युद्धनौकांसाठी साडेतीन कोटी डॉलर द्यायचे होते. कॅनडाच्या कॉमन्समध्ये रेटून मंजूर केलं, तिथल्याच सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, पाडलं! ‘गिलोटिन’ मात्र आपल्या पेपरांत रुळलाय, अर्थसंकल्पातल्या उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात तेव्हा. त्याला हात लावू नये.

कॅम्प, बेळगाव (निवृत्त सुभेदार):
‘लष्करी न्याय’ ठीक आहे, खरं जवान असं बोलत नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टात कोर्ट मार्शल चार तऱ्हेचं. आम्हाला धास्ती ‘समरी’ची, कारण तिथे आपला कमांडिंग ऑफिसरच निकाल देणार. लेखात ‘संक्षिप्त सैनिकी न्यायालय’ लिहिलंत तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरातल्या पोरांना कळायचं नाही. आणि आपल्याकडे वेळ बांधायची गरज तरी कुठे पडते? तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थांमधल्या शिस्तीचं विधेयक ४ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत गदारोळातच मंजूर झालं.

निपाणी:
जाता जाता एक. सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, अधिवेशन भरलं की कन्नड पेपरात ‘मसूदे’ दिसतं आणि आमचे लोक ‘मसुदा मंजूर’ असं छापून मोकळे. कन्नडमध्ये मसूदे म्हणजे विधेयक, मराठीत मसुदा म्हणजे कच्चा आराखडा. शहापूरकर, एवढं सांभाळा.

शहापूर:
सांभाळतो. मथळा असा केलाय: ‘लष्करी न्याय विधेयक: सरकारने चर्चेचा वेळ बांधला’. घरात मात्र वाद पेटलाय. आई म्हणते, ‘वेळ बांधली’.

हुक्केरी:
कालावधी असेल तर ‘तो वेळ’: वेळ लागला, वेळ घालवला. घटका असेल तर ‘ती वेळ’: जेवायची वेळ झाली. तुमचा मथळा बरोबर आहे. आईंना मात्र तुम्हीच सांगा.