गोधडीच्या मधोमध फुगा आलाय, मदत हवी आहे (घाईत आहे)

सुईदोरा_परभणी:
गोधडी शिवायला घेतलीय. कडेनं पाच फेऱ्या झाल्या आणि मधोमध हा एवढा फुगा! हातानं दाबला की इकडून तिकडं सरकतो, जात काही नाही. उसवायला सांगू नका, महिना गेलाय त्यात. पुढच्या रविवारी द्यायची आहे. अजून चार करायच्यात, त्यातही असंच झालं तर? कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा.

उदगीरकर:
माप काय? थर किती? वर कापड कोणतं, खाली कोणतं? नवं का जुनं? फुगा वरून दिसतो का खालून? ताई, नाडी न बघता वैद्य तरी काय सांगणार.

टाकेवाली:
कडेनं सुरुवात केली, तिथंच घोळ झालाय. कडेनं आत येत गेलं की ढिलं कापड ढकलत ढकलत मधी जमा होतं आणि त्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही. मी नेहमी मधून सुरू करून बाहेर जाते. आजवर एकदाही फुगा नाही. उसवा आणि मधून घ्या.

हिंगोलीची_लेक:
असं काही नसतं हो. आमच्या आजीनं जन्मभर कडेनंच फेऱ्या घातल्या, चौकटीत चौकट, शेवटची चौकट तळहाताएवढी. फुगा कुठला अन् काय. पण ती आधी शेणानं सारवलेल्या अंगणात वाकळ पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड, आम्हा पोरांना कडा ओढून धरायला लावायची. मग वीत वीत अंतरावर कच्चे टाके. ते घातले नसतील तर मधून काय अन् कडेनं काय, सारखंच.

टाकेवाली:
आजीच्या अंगणाचं ठीक आहे. इथं फ्लॅटमध्ये दोन पलंगांच्या मधे बसून शिवायचं असतं.

सुईदोरा_परभणी:
भांडू नका गं. सगळं सुतीच आहे. साडेपाच फूट बाय सात फूट, चार थर. कच्चे टाके घातले होते, मी काही नवशिकी नाही, ही माझी बारावी गोधडी. फुगा वरच्या बाजूनं आहे. आता सांगा.

उदगीरकर:
खालचं कापड कोणतं ते राहिलंच.

माजलगावचा_मास्तर:
अजून चार कुणासाठी करताय?

सुईदोरा_परभणी:
ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याकडं जातात, मुलं मागं राहतात. मी आणि दोन मैत्रिणी मिळून दरवर्षी देतो. पण आत्ता प्रश्न फुग्याचा आहे सर.

माजलगावचा_मास्तर:
फुग्यातलं मला कळत नाही. पण अशा वसतिगृहाचं काम मी सहा हंगाम बघितलंय, म्हणून विचारलं. चार थरांची साडेपाच बाय सात देऊ नका. भिजली की दोन माणसांनी पिळावी लागते, आणि थंडीत दोन दिवस वाळत नाही. तोवर पोरानं काय पांघरायचं? तीन थर पुरे, माप चार बाय सहा. पाण्याच्या बादलीत बुडाली पाहिजे, हा साधा हिशोब. दुसरं म्हणजे सगळ्या एकसारख्या करू नका. "ही माझी, ही माझी" म्हणून रोज रात्री मारामाऱ्या होतात. एकीवर पोपटाचं ठिगळ, एकीवर ट्रॅक्टरचं, असं काहीतरी लावा. लहानाला नाव वाचता येत नाही, ठिगळ ओळखू येतं.

निवांत_नांदेड:
एवढा खटाटोप कामून? बाजारात ब्लँकेटं मिळतात, पाच घ्या अन् देऊन टाका. रविवारपण वाचतो.

हिंगोलीची_लेक:
ब्लँकेट तुम्ही द्या, तुम्हाला कुणी अडवलंय का.

अंबाजोगाईकर:
गोधडीवरून आठवलं. आमच्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. पंतांनी (१५५१ ते १६१५) कागद सोडून जाड कापडावरच पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं वेदान्ती विवेचन, लिहून काढलं. पांघरायच्या कापडाचा ग्रंथ झाला! इकडं आलात तर बघून जा.

टाकेवाली:
पासोडी म्हणजे गोधडी नव्हे. त्यात ठिगळं कुठं असतात?

अंबाजोगाईकर:
गोधडी आहे असं मी कुठं म्हणालो? जाडजूड पांघरूण म्हणून आठवलं, एवढंच.

उदगीरकर:
नावांचंच म्हणाल तर परभणीची वाकळ आमच्याकडं सीमेवर कौदी होते. पण विषय भरकटला. ताई, खालचं कापड?

निवांत_नांदेड:
माझं ऐका, मधला जास्तीचा भाग कात्रीनं कापा, वर ठिगळ मारा. गोधडीत ठिगळाला कोण विचारतंय.

सुईदोरा_परभणी:
कापा काय! वरती माझ्या मैत्रिणीच्या आईची लुगडी आहेत. तीन इरकल लुगडी, त्यांच्या हयातीतली. त्या मागच्या वर्षी गेल्या. मैत्रीण निवृत्त होतेय, रविवारी तिचा कार्यक्रम आहे, तेव्हा द्यायची आहे. पदराच्या एका कोपऱ्यात गाठ मारून मारून कापड मऊ पडलंय, त्या तिथं सुटे पैसे बांधायच्या. तो कोपरा मी मुद्दाम छातीशी येईल असा लावलाय. कात्री लावायचं नावच काढू नका.

उदगीरकर:
हे पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर पासोडीपर्यंत जायची वेळ आली नसती. आता चौथ्यांदा विचारतो, खाली काय आहे?

सुईदोरा_परभणी:
खाली साधं मांजरपाट. बाजारातून नवं आणलं.

उदगीरकर:
शिवायच्या आधी भिजवलं होतं?

सुईदोरा_परभणी:
नाही. पण त्याचा काय संबंध? अजून धुतलीच कुठं... नाही, थांबा. तिसऱ्या फेरीनंतर नातवानं चहा सांडला होता. डाग बसू नये म्हणून अख्खी भिजवून काढली होती गरम पाण्यातून. पण ती फक्त एकदाच.

उदगीरकर:
हात्तिच्या! एकदा पुरतं की. लुगडी वीस वर्षं धुतलेली, त्यांना आटायचं तेवढं त्या आटून बसल्यात. मधले थरही जुनेच असतील. नवं मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतं, आणि उभ्या धाग्यात जास्त आटतं. खालचं आखडलं, वरचं होतं तेवढंच राहिलं, म्हणून फुगा वर. टेप घ्या. उलटी करून मधोमध अस्तराची लांबी मोजा, मग सुलटी करून फुग्यावरून टेप दाबत नेऊन लुगड्याची मोजा. आकडे टाका.

सुईदोरा_परभणी:
अस्तर ८० इंच, वरचं ८४. आई शप्पथ.

टाकेवाली:
तरीपण मधून सुरू केलं असतं तर एवढं झालं नसतं.

हिंगोलीची_लेक:
मधून केलं असतं तर एका फुग्याऐवजी सगळीकडं चुण्या पडल्या असत्या. आटायचं ते आटलंच असतं ना.

उदगीरकर:
लुगड्याला हात लावू नका. दुरुस्ती अस्तराची करा. उलटी पसरा. मधे जिथं अजून टाके गेलेले नाहीत तिथं फक्त अस्तराला रुंदीत आडवी चीर द्या. कडेच्या फेऱ्यांच्या चार बोटं अलीकडं थांबा. आधी मधले कच्चे टाके काढा, आणि कात्रीखाली पुठ्ठा सरकवा, नाहीतर मधला थर कापला जाईल. मग चौघींनी चार कोपरे ओढा. चीर पानासारखी उघडेल, मधे रुंद, टोकाला निमुळती. तेवढ्या आकाराचं भिजवून वाळवलेलं कापड आतून लावून शिवा. त्यानंतर पुन्हा कच्चे टाके, मग पुढच्या फेऱ्या. कडेला थोड्या चुण्या राहतील, त्या राहू द्या.
आणि उरलेलं मांजरपाट आजच कढत पाण्यात रात्रभर टाका. चारही गोधड्यांना तेच लावणार असाल ना?

सुईदोरा_परभणी:
तेच आणलंय, एकाच ताग्यातलं. टाकते भिजत.

सुईदोरा_परभणी:
काल रात्री केलं. कात्री हातात धरून दहा मिनिटं नुसती बसले होते. चीर दिली, ओढली, मधोमध तीनएक इंच उघडली. फुगा बसला! पट्टीला कोरं कापड नव्हतं, मग लुगड्याचा फाटका तुकडा बाजूला ठेवला होता तोच लावला. आता खालूनही काकूंच्या लुगड्याचं एक पान दिसतं. मुद्दाम केलंय असंच सांगणार आहे. सहावी फेरी चालू आहे.
मास्तर, तुमचं चार बाय सहा मैत्रिणींना सांगितलं. दोघींनी आधीच मोठी कापून ठेवलीत, म्हणजे दोन मोठ्या, दोन लहान होतील. ट्रॅक्टरचं ठिगळ मात्र मला जमंना, चाकं अंडाकृती होतायत.

माजलगावचा_मास्तर:
वाटी ठेवून आखा. मोठ्या दोन सातवीच्या पोरांना देऊ.

टाकेवाली:
ते वरच्यांपैकी कुणीतरी पुढच्या वेळी मधून सुरू करून बघा आणि मग बोला.

निवांत_नांदेड:
मांजरपाट मीटरला काय भावानं पडलं? आमच्या घरी गाद्यांना खोळी शिवायच्या आहेत.