जुन्या मर्सिडीजवर ७२२ नंबर का?

सिडकोकर: मंडळी, काल कॉलेज रोडला मित्राकडे मर्सिडीज ३०० एसएलआर या जुन्या रेसिंग गाडीचं छोटं मॉडेल बघितलं, त्यावर लाल रंगात ७२२. रेसला एवढ्या गाड्या होत्या का?

पंचवटीकर: नाही रे, तो सुटायचा टाइम. इटलीतल्या मिले मिलिया या रोड रेसमध्ये गाड्या एकेक करून सोडायचे आणि सुटायची वेळ तोच नंबर, ती गाडी चालवणारा ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉस सकाळी ७:२२ ला निघाला. १९५५ साल, ब्रेशियाहून रोम आणि परत, साधारण १६०० किमी, अख्खं १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदात, म्हणजे सरासरी ताशी १५७ किमीच्या वर आणि तेही गावागावांतल्या साध्या रस्त्यांवरून!

गंगापूर रोड: मला तर मॉसच्या शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या जेंकिन्सनचं जास्त कौतुक वाटतं. आधी रूटवर फिरून वळणं लिहून काढली, ५ मीटरच्या वर लांब कागद, रोलरवर गुंडाळलेला, आणि इंजिनच्या आवाजात ऐकूच येत नाही म्हणून हाताने खुणा. कसारा घाटात धुक्यात गाडी चालवलीय त्यांना विचारा, पुढचं वळण आधी कळणं म्हणजे काय ते.

सिडकोकर: भारीच! मग ही रेस बंद का झाली?

पंचवटीकर: १९५७ ला फेरारीचं टायर फुटून गाडी लोकांत घुसली, ९ प्रेक्षक गेले, त्यात ५ लहान मुलं. वाचून अजून पोटात कालवतं.