एकाच स्कीमावरून गो, कोटलिन, पायथन, टाइपस्क्रिप्टचा कोड काढताय, तर नावांचं काय करता?

अंबडचा_डेव्हलपर

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. आम्ही चौघं मिळून द्राक्ष बागायतदार आणि पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतो. सर्व्हर गोमध्ये, शेतकऱ्याचं ॲप कोटलिनमध्ये, रिपोर्ट पायथनमध्ये, ऑफिसचा डॅशबोर्ड टाइपस्क्रिप्टमध्ये. तीच तीच मॉडेल्स चार वेळा हाताने लिहून कंटाळलो म्हणून सगळ्या मॉडेल्सची रचना (स्कीमा) लिहिलेली एक यामल फाईल, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, ठेवली आणि तिच्यावरून चारही भाषांचा कोड काढणारी स्क्रिप्ट लिहिली. कोड निघतो व्यवस्थित, त्रास सगळा नावांचा आहे.

(देवनागरीत कॅपिटल-स्मॉल दाखवता येत नाही त्यामुळे केस, म्हणजे कुठलं अक्षर कॅपिटल आणि कुठलं स्मॉल, ते शब्दात सांगतोय, सांभाळून घ्या.)

यामल तिघांनी भरलीय. एकाने स्नेक केस, म्हणजे गट_नंबर असं, दुसऱ्याने कॅमल केस, म्हणजे शब्द जोडून पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, तिसऱ्याने आयडीची कुठे दोन्ही अक्षरं कॅपिटल तर कुठे फक्त पहिलं. प्रतवारीच्या फील्डचं नाव क्लास, तो पायथनमध्ये पण कीवर्ड, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द, आणि कोटलिनमध्ये पण. सातबाऱ्याच्या नंबरचं फील्ड ७१२ ने सुरू होतं आणि आकड्याने सुरू होणारं नाव कुठलीच भाषा घेत नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकेक इफ टाकत गेलो, आता स्क्रिप्ट उघडायलाच नको वाटतं.

परवा तर कहर झाला. माती परीक्षणाचं नवीन मॉडेल टाकलं, सॉइल_टेस्ट. स्क्रिप्टने फाईल काढली सॉइल_टेस्ट डॉट गो. गो टेस्ट चालवलं, सगळं हिरवं. गो बिल्ड केलं तर म्हणे सॉइलटेस्ट अनडिफाइन्ड. फाईल समोर दिसतेय, स्ट्रक्ट (मॉडेलची व्याख्या) आत आहे, पॅकेजचं नाव बरोबर, पहिला एस कॅपिटल, आणि कंपायलर म्हणतो असलं काही नाहीच. रात्री साडेअकरापर्यंत तिघंजण त्यातच. मग लक्षात आलं की ज्या फाईलचं नाव _टेस्ट डॉट गो ने संपतं ती गो फक्त टेस्टच्या वेळी घेतो, बिल्डमध्ये धरतच नाही!

तर प्रश्न असा की यामलमध्ये नेमकी कुठली केस ठेवायची, आणि हे सगळे अपवाद कुठे सांभाळायचे? आमचा एकजण म्हणतोय की फील्डवरची मुलं मराठीतच बोलतात तर नावं सरळ देवनागरीतच ठेवू. तेही जमेल का सांगा.

सातपूर_कॉलनी

भाऊ सगळीकडे स्नेक केस ठेवा आणि लिंटरचे (कोडची शिस्त तपासणारं टूल) नावांचे नियम बंद करून टाका. आम्ही दोन वर्षं हेच करतोय, पायथन आणि टाइपस्क्रिप्टला काही फरक पडत नाही.

गंगापूर_रोडकर

तुमच्या दोन भाषांपुरतं ते चालतंय भाऊ, पण यांच्याकडे गो आहे. गोमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल नसेल तर ते नाव पॅकेजच्या बाहेर दिसतच नाही, आणि जेसॉनची (सर्व्हर आणि ॲपमध्ये माहिती ज्या मजकुरी स्वरूपात जाते ते) स्टँडर्ड लायब्ररी असलं फील्ड गुपचूप सोडून देते, एरर नाही काही नाही, नुसती माहिती गायब. रस्टमध्ये निदान कंपायलर वॉर्निंग तरी देतो. पायथनची कोड लिहायची पद्धत सांगणारा पेप ८ हा २००१ पासूनचा सल्ला आहे, नाही पाळला तर प्रोग्रॅम अडत नाही. प्रत्येक भाषेत नियमाचं वजन वेगळं, म्हणून एकच केस सगळ्यांवर लादता येत नाही.

अंबडवाले दादा, माझं मत विचाराल तर यामलमध्ये नाव म्हणजे शब्द धरा. गट, नंबर. बाग, आयडी. माती, परीक्षण. लिहिताना स्नेक केसमध्येच लिहा कारण त्यात शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला दिसतं, पण स्क्रिप्टने वाचल्यावाचल्या त्याची शब्दांची यादी करायची आणि पुढे सगळीकडे ती यादीच फिरवायची. मग गोसाठी एक फंक्शन, कोटलिनसाठी एक, पायथनसाठी एक, टाइपस्क्रिप्टसाठी एक. प्रत्येकाला यादी द्यायची, तयार नाव परत घ्यायचं. स्नेकमध्ये न लिहिलेलं नाव आलं की स्क्रिप्टने तिथेच थांबायचं, कॅमलमधून शब्द ओळखायच्या भानगडीत पडू नका. मी ते करून बघितलंय. एपीएमसी आयडी घ्या. गोच्या पद्धतीने दोन्ही शब्द पूर्ण कॅपिटल झाले की सहा कॅपिटल अक्षरं सलग येतात, आता त्यातून एपीएमसी कुठे संपलं आणि आयडी कुठे सुरू झालं हे कुठला रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायचा नियम) सांगणार आहे?

प्रोटोबफ बघा, एका स्कीमावरून अनेक भाषांचा कोड काढणारं टूल, तेही असंच करतं. मूळ फाईलमध्ये फील्ड स्नेक केसमध्ये, त्यावरून जावात कॅमल, गो आणि सी शार्पमध्ये पास्कल (कॅमलसारखंच, पण पहिल्या शब्दाचंही पहिलं अक्षर कॅपिटल), पायथनमध्ये आहे तसं. आणि त्यांचा गोचा जनरेटर आयडीचं फक्त पहिलंच अक्षर कॅपिटल करतो, गोच्या लिंटरला ते आवडत नाही तरी करतो, कारण नियम एकसारखा राहतो. तुम्ही ठरवा कसं हवंय ते, फक्त संक्षेपांची यादी एकाच जागी ठेवा.

कीवर्ड सगळ्यात शेवटी बघा, नाव तयार झाल्यावर, कारण क्लास गोमध्ये कीवर्ड नाहीच आणि टाइप हा गोमध्ये कीवर्ड असला तरी पहिलं अक्षर कॅपिटल केलं की प्रश्नच मिटतो. पायथनमध्ये शेवटी एक अंडरस्कोर लावायचा ही पेप ८ चीच पद्धत, कोटलिनमध्ये बॅकटिक. फाईलच्या नावाला वेगळंच फंक्शन करा, गोमध्ये शेवटी _मॉडेल जोडून टाका म्हणजे _टेस्टचा विषय संपला. उद्या कुणी लॉगिन_अँड्रॉइड नावाचं मॉडेल टाकलं तर ती फाईल फक्त अँड्रॉइडच्या बिल्डमध्येच जाईल, _लिनक्स _विंडोजचंही तसंच, तेही यातच निघून जाईल.

आणि टक्कर तपासा. गट_नंबर_१ आणि गट_नंबर१ ही यामलमध्ये दोन फील्ड, कॅमल केल्यावर एकच. प्रोटोबफच्या प्रोटो३ आवृत्तीत दोन फील्डांचं जेसॉन नाव एकच येत असेल तर कंपायलर एरर देतो, तुमच्या स्क्रिप्टनेही द्यावा.

पंचवटीकर_एस

देवनागरीबद्दल मी सांगते, कारण हा मोह मलाही झाला होता. पायथन ३ मध्ये चालतं, पेप ३१३१ ने २००७ मध्येच ठरवलंय, गट_क्रमांक असं व्हेरिएबल खुशाल करा. गोमध्ये मात्र नाही जमत. तिथे नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, आपल्या मात्रा आणि हलंत ही जोडचिन्हं धरली जातात आणि ती गोने वगळलीत. त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर तर देवनागरीचं नाव घेऊन लिहिलंय. समजा मात्रा नसलेलं, नुसतं कमळ असं नाव घेतलं, तरी आपल्या लिपीत कॅपिटल नाही, म्हणून ते नाव पॅकेजच्या बाहेर जाणारच नाही. फार वाईट वाटलं होतं मला ते वाचून.

तरी मराठी शब्द सोडू नका असं मनापासून सांगते. गट नंबर आणि सर्व्हे नंबर एकच नाही, आणि गटचं ग्रुप असं भाषांतर केलं तर तलाठ्यालाही कळायचं नाही. गट, सातबारा, फेरफार हे शब्द रोमन लिपीतच ठेवा, फक्त स्पेलिंग एकदा ठरवून घ्या. सातबारा एकजण जोडून लिहितो, एकजण तोडून, एकजण शेवटी डबल ए लावतो, तिथेच तीन फील्ड तयार होतात. आम्ही शब्दांची एक फाईल ठेवलीय, त्यात नसलेला शब्द स्कीमात आला की सीआय (कोड टाकल्यावर आपोआप चालणारी तपासणी) लाल होतं. मुलांना स्क्रीनवर जे मराठी दिसायला हवं ते लेबल म्हणून वेगळं फील्ड करा, तिथे हवं तसं सुंदर मराठी लिहा. तुमचा ७१२ चा प्रश्नही यातच सुटतो, आकडा सोडा, सातबारा शब्दात लिहा.

अंबडचा_डेव्हलपर

ताई, दादा, खूप आभार. एक राहिलं. जेसॉनमध्ये जे नाव जातं ते पण या फंक्शनमधूनच काढायचं का? जुनं ॲप शेतकऱ्यांच्या फोनवर आहे, सगळे लगेच अपडेट करत नाहीत.

गंगापूर_रोडकर

नाही नाही, ते अजिबात नको. जेसॉनचं नाव एकदा ठरलं की यामलमध्येच लिहून टाका आणि प्रत्येक भाषेत ते स्पष्ट चिकटवा, गोमध्ये स्ट्रक्ट टॅग, कोटलिनमध्ये सीरियलनेम, पायथनमध्ये एलियस. लायब्ररीच्या अंदाजावर सोडू नका. तुमच्याच माती परीक्षणातलं उदाहरण देतो, सामू म्हणजे पीएच, त्यात पी स्मॉल आणि एच कॅपिटल. आमची एक सर्व्हिस जावात होती, गेटरच्या (फील्डमधली माहिती परत देणारं फंक्शन) नावात दोन्ही अक्षरं कॅपिटल झाली, आणि जावाची जेसॉन लायब्ररी जॅक्सन, तो असल्या गेटरवरून नाव काढताना सुरुवातीची सगळी कॅपिटल अक्षरं स्मॉल करतो. सर्व्हरवरून दोन्ही स्मॉल गेली, ॲप एच कॅपिटलची वाट बघत बसलं, आणि शेतकऱ्याच्या रिपोर्टवर सामूची जागा कोरी. शेतकऱ्याने फोन करून विचारलं की परीक्षण झालंच नाही का, तेव्हा आम्हाला कळलं.

प्रोटोबफच्या बायनरीत नावं जातच नाहीत, नुसते फील्डचे नंबर जातात, त्यामुळे तिथे नाव बदललं तरी जुनं ॲप चालतं. जेसॉनमध्ये तशी सोय नाही, तिथे नाव म्हणजे शब्द दिल्यासारखं आहे.

अंबडचा_डेव्हलपर

आज दुपारी बसून केलं. शब्दांची यादी, चार फंक्शन्स, जेसॉनची नावं आत्ता फोनवर चालणारी आहेत तशीच यामलमध्ये लिहून टाकली, स्क्रिप्टमधले सगळे इफ काढले. टक्कर तपासणी पहिल्यांदा चालवली तर दोन सापडल्या, त्यातली एक औषध फवारणीच्या तारखेची होती, दोन वेगवेगळी फील्ड कोटलिनमध्ये एकच होणार होती. ताईंनी सांगितलेली शब्दांची फाईल उद्या करतो, सातबाऱ्याचं स्पेलिंग काय ठेवलंय तुम्ही तेवढं सांगा.

पंचवटीकर_एस

जोडून, सगळी अक्षरं स्मॉल, शेवटी एकच ए.