अनुभव धागा : दुरून टिपलेले पक्षी, आगगाड्या आणि डोंगर

काल कपाट आवरताना पुठ्ठ्याच्या एका जुन्या खोक्यात आत्याच्या स्लाइड सापडल्या. त्यांतील एक खिडकीपाशी उजेडात धरली आणि हातातले काम तसेच राहिले. खाली दरीत भरलेले धुके, त्यातून वर आलेल्या पुलाच्या कमानी, कमानींवरून निघालेली गाडी आणि तिच्यामागे एकीपेक्षा एक फिकट होत गेलेल्या डोंगरांच्या पाच रांगा. स्लाइडमधील गाडी माझ्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे.

ती पहाट मला आठवते, कारण मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आत्याबरोबर त्या टेकडीवर गारठत उभी होते. इंजिनाच्या माथ्यावर वाफेचा पांढरा झोत उसळलेला दिसला, पण आवाज काही आला नाही. आत्या म्हणाली, "मोज." मी सहापर्यंत मोजले आणि मग शिट्टी ऐकू आली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे गाडी आपल्यापासून दोन किलोमीटर लांब आहे, हे तिने मला तिथेच समजावले. तिच्याकडे ५०० मिलिमीटरची आरशाची लेन्स होती. तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ८ या मापावर कायमचे ठरलेले असे आणि मागच्या पाण्यावरची चमक त्या लेन्समधून बांगड्यांसारखी गोल उमटत असे. त्या बांगड्या मला फार आवडत.

आपल्यापैकी ज्यांनी पक्षी, गाड्या किंवा डोंगर फार दुरून टिपले आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. छायाचित्र चांगले आलेच असले पाहिजे, असे मुळीच नाही.

———

सहापर्यंत मोजण्याची आठवण वाचून फार बरे वाटले. माझा अनुभव मात्र बराच काळ निराशेचा होता.

पैसे साठवून ६०० मिलिमीटरची लेन्स घेतल्यावर पहिले दोन महिने मी ती सदोष आहे असेच धरून चाललो होतो. चिखलाच्या सपाटीपलीकडे, साधारण चारशे मीटरवर, पाणकावळे पंख पसरून उन्हात बसत. मी दुपारच्या स्वच्छ प्रकाशात भक्कम ट्रायपॉडवरून छायाचित्रे काढी आणि प्रत्येक वेळी पक्ष्याच्या कडा वितळल्यासारख्या येत. हिशेब तर वेगळेच सांगत होता. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, चार मायक्रॉनचा असेल, तर या लेन्सने चारशे मीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर येतात. त्या मापाने पंखाची पिसे वेगवेगळी दिसायला हवी होती. लेन्स मी दोनदा तपासायला दिली आणि दोन्ही वेळा ती निर्दोष ठरून परत आली.

मग एका ढगाळ, वाऱ्याच्या सकाळी मी केवळ सवयीने तिथे गेलो. तीच जागा, तेच अंतर आणि तेच पक्षी असूनही पडद्यावर पिसांच्या कडा एकेक करून मोजता येत होत्या. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचे लहान लहान गोळे वेगवेगळ्या तापमानांचे असतात, प्रत्येकातून प्रकाश थोडा वेगळा वाकतो आणि चारशे मीटरच्या वाटेत असे असंख्य गोळे आडवे येतात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. दोष लेन्सचा नव्हता, मधल्या हवेचा होता. आता मी छायाचित्रे काढण्याआधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र पुष्कळ मोठे करून पाच मिनिटे नुसता पाहत बसतो. दूरच्या गवताचे पाते थरथरत असेल आणि वारा नसेल, तर त्या दिवशी दूरचे काम मी करत नाही.

———

याला जोडून एक सांगते. मोटारीत हीटर लावून, काच खाली करून छायाचित्रे काढणाऱ्यांची थरथर स्वतःच्याच गाडीतून बाहेर पडत असते. आतली ऊबदार हवा नेमकी लेन्सच्या तोंडापुढून जाते. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

———

आणि उबदार खोलीतून थेट थंडीत नेलेली मोठी लेन्स निदान अर्धा तास तरी बाहेर ठेवावी. तिच्या नळीतली हवाही निवावी लागते.

———

मी गाड्यांचा माणूस आहे, त्यामुळे गाडीबद्दल लिहितो. मावळत्या सूर्याच्या बिंबात बरोबर मावलेले इंजिन मला टिपायचे होते.

सूर्याचे बिंब आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणजे एखादी वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे १०८ पट अंतरावर ठेवली, तर ती बिंबाएवढी दिसते. इंजिन चार मीटर उंच धरले, तर मला त्याच्यापासून सुमारे ४३० मीटर लांब उभे राहायला हवे होते आणि गाडी भरावावरून, म्हणजे आभाळाला लागून जायला हवी होती. अशी जागा मला नकाशावर सापडली, पण मावळतीच्या वेळी सूर्य त्या भरावामागे नेमका येतो ते वर्षातले चारच दिवस होते आणि त्या वेळची गाडी एकच होती.

पहिल्या वर्षी गाडी तीन मिनिटे उशिरा आली. मावळता सूर्य आपल्या बिंबाएवढे अंतर दोन मिनिटांच्या आसपास ओलांडतो, त्यामुळे ती तीन मिनिटे पुरेशी होती. गाडी आली तेव्हा भरावामागे केवळ तांबूस उजेड उरला होता. दुसऱ्या वर्षी चारही दिवस ढग होते. तिसऱ्या वर्षी माझी नेहमीची गाडी यायच्या आधीच उलट दिशेने एक मालगाडी आली. तिची मला कल्पनाही नव्हती. बिंब अर्धे भरावाखाली गेले असताना तिचे इंजिन त्यात शिरले आणि चालकाची आकृती खिडकीत स्पष्ट दिसली. मी सहा छायाचित्रे काढली. त्यांतील एकात चालकाने हात वर केलेला आहे. तो कोणाला हात करत होता, हे मला अजून समजलेले नाही, कारण मी त्याला दिसणे शक्य नव्हते.

दोन सूचना मनापासून देतो. अशा वेळी डोळा लावून पाहायचे ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर. आरशाच्या कॅमेऱ्याच्या छिद्रातून लांब लेन्सने सूर्याकडे पाहू नये, कारण डोळ्याची कायमची हानी होते. आणि रुळांच्या जवळ जाऊ नये. दुरून काम करण्याचे जे सुख आहे त्यातले निम्मे तरी हेच आहे, की आपण कोणाच्या वाटेत येत नाही.

———

तीन मिनिटांचे वाचून अगदी गलबलून आले. पुढच्या वर्षापर्यंत थांबण्याची तयारी ठेवणाऱ्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळते.

चालकाचे म्हणाल, तर वळणापलीकडे कोणी मूल उभे असेल, असे मला वाटते.

———

"कोणाच्या वाटेत येत नाही" हे वाक्य वाचून मला एक जुनी गोष्ट लिहाविशी वाटते. मी ती आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

माझ्याकडे तेव्हा लांब लेन्स नव्हती. उघड्या माळावर टिटवीची चार अंडी मला दिसली आणि मी जवळ गेलो. टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर झेपा टाकू लागली. मला त्या वेळी केवळ एवढेच वाटले, की पंख पसरलेले असे छायाचित्र पुन्हा मिळणार नाही, आणि मी पंधरा-वीस मिनिटे तिथे थांबलो. ती मला हाकलत होती आणि मी तिच्या आकांताला चांगली संधी समजत होतो. दोन कावळे कुंपणावर बसून हे सगळे पाहत होते, हे मी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या जागी कवचांचे तुकडे होते.

छायाचित्रे उत्तम आली होती. ती मी कधीच कोणाला दाखवली नाहीत.

आता माझ्याकडे लांब लेन्स आहे, पण नियम लेन्सचा नाही, पक्ष्याचा आहे. खाणारा पक्षी खाणे थांबवून मान वर करतो, तेव्हा मी आधीच एक पाऊल पुढे गेलेलो असतो. तो उडून जातो ती फार पुढची पायरी झाली. इंग्लंडमधील पक्षी-छायाचित्रकार केअर्टन बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी पोकळ बैल बनवून त्यात दडून बसण्याची युक्ती काढली होती, कारण त्यांना जवळ जाण्यावाचून मार्ग नव्हता. टेलिफोटो, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या लेन्सची रचना १८९१ च्या सुमारास झाली होती, पण ती अंधारी असे आणि त्या काळच्या मंद काचपट्ट्यांवर चंचल पक्षी टिपणे फार अवघड होते. आपल्याला आज तशी काही अडचण नाही. म्हणून जवळ जाण्याचे समर्थनही आपल्यापाशी उरत नाही, असे माझे मत आहे.

———

आपण हे लिहिलेत, याबद्दल आभार. मी उद्या एका घरट्यापाशी जाणार होते. जाणार नाही.

———

डोंगरांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

समुद्रसपाटीकडे पाहताना क्षितिज किती लांब असते, याचा एक सोपा हिशेब आहे. आपण उभे आहोत त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.८६ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. नुसत्या भूमितीने ३.५७ येतो; बाकीची भर हवा घालते, कारण ती प्रकाशाला पृथ्वीच्या वळणाबरोबर किंचित वाकवते. दोन हजार मीटरवरून असे सुमारे १७० किलोमीटर होतात आणि समोरचे शिखरही तेवढेच उंच असेल, तर दोघांची क्षितिजे मिळून ३४० किलोमीटरपर्यंतचा डोंगर दिसू शकतो. फ्रान्समधील मार्सेय शहरातून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे कानिगू शिखर दिसते, पण एरवी नाही. वर्षातून दोनदा सूर्य नेमका त्याच्यामागे मावळतो तेव्हा त्याची काळी आकृती बिंबावर उमटते. १८०८ मध्ये फोन त्साख या खगोलशास्त्रज्ञाने ते पाहिले होते. २०१६ मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरील पिरेनीज पर्वतातील एका शिखरावरून आल्प्समधील पिक गास्पार ४४३ किलोमीटर अंतरावरून टिपले गेले, तेही पहाटेच.

पहाटेच का, हे मला स्वतः चुकल्यावर कळले. मी कितीतरी दिवस सकाळी नऊच्या लख्ख उन्हात डोंगर शोधत असे, कारण जितका उजेड जास्त तितके लांबचे दिसेल, असे मला वाटे. प्रत्यक्षात उन्हाने मधली सगळी हवाच उजळते आणि तो पांढुरका पडदा डोंगराला झाकून टाकतो. सूर्योदयापूर्वी आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा सावलीत असते आणि डोंगरामागचे आभाळ मात्र उजळलेले असते, त्यामुळे कडा चाकूने कापल्यासारखी दिसते. पाऊस येऊन गेल्यानंतरच्या थंड पहाटे मी पहिल्यांदा १६० किलोमीटरवरची रांग पाहिली. नकाशावरून शिखरांचे कोन काढून ठेवले होते, ते एकेक करून जुळले. शेवटचे शिखर जुळले तेव्हा सूर्य वर आला आणि चार मिनिटांत सगळे पुसले गेले. मी आनंदाने रडलो, हे येथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

———

इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश, वापरून धुक्यापलीकडचे दिसते, असे मी ऐकले होते. त्याचा कोणाला अनुभव आहे का?

———

धुके आणि धूसरपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हवेच्या रेणूंमुळे होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घातानुसार कमी होते, म्हणून ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशापेक्षा ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड सुमारे तेरापट कमी विखुरतो आणि निळसर धूसरपणापलीकडचे डोंगर खरोखरच उघडे पडतात. धुक्याचे थेंब मात्र या तरंगलांब्यांपेक्षा खूप मोठे असतात, त्यांच्यापुढे इन्फ्रारेडचाही इलाज चालत नाही. मी जुन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची इन्फ्रारेड अडवणारी गाळणी काढून घेतली आहे. आभाळ काळे येते, झाडे पांढरी येतात आणि डोंगराच्या मागे आणखी एक डोंगर असतो.

———

गाळणीवरून आठवले. लेन्सच्या पुढे संरक्षणासाठी लावलेली स्वस्त काच काढून एकदा तेच छायाचित्र काढून पाहावे. माझे गव्हाणी घुबड त्या एका काचेमुळे वर्षभर धूसर येत होते.

———

आपणा सर्वांचे प्रतिसाद आज दुपारी मी आत्याला दूरध्वनीवरून वाचून दाखवले. तिला आता फारसे दिसत नाही, पण टिटवीचे वाचताना ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, की तिनेही एकदा असेच केले होते. मालगाडीचे मात्र तिने दोनदा वाचायला लावले.

मी तिला स्लाइडचे वर्णन सांगितले. ती म्हणाली, "सहा नाही, सात. तू घाईने मोजलेस, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही."

———

सात सेकंद असतील, तर अंतर सुमारे २,४०० मीटर होते. पण पहाटे गारठा होता, असे आपण लिहिले आहे आणि शून्य अंशाला ध्वनी सेकंदाला ३३१ मीटरच जातो; त्या हिशेबाने सुमारे २,३०० मीटर. टेकडी आणि पूल दोन्ही नकाशावर अजून असतील, तर एकदा मोजून पाहाल का?